आंबट ताडीचा कॅन

जयवंतीवर आळ आला तो दारूचा, आणि तोही सकाळी साडेनऊला, नविनशेठच्या ओट्यावर, चार माणसांच्या देखत. चोरीचा आळ आला असता तर तिने एक वेळ तो हसण्यावारी नेला असता. ज्या घराच्या मागच्या दाराची चावी अकरा वर्षं आपल्या पदराला बांधलेली आहे, त्या घरात चोरी करायला ती काय खुळी होती? पण दारू! सासरा ताडावर चढणारा, घराच्या पडवीत ताडीचे कॅन ओळीने उभे, आणि तरी जिने जन्मात एक घोट घेतला नाही, कारण नुसत्या वासाने तिचं डोकं उठायचं, त्या बाईला म्हणायचं की तू कामावर पिऊन येतेस. आणि साक्षीला कोण? तर कपडे धुवायचं मशीन.

हे मशीन साक्षीला कसं उभं राहिलं, ते सांगायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

घोलवडला नविनशेठची चिकूची वाडी. वाडीच्या मध्यावर घर, घरापुढे ओटा, ओट्यावर पितळी कड्यांचा झोपाळा. शेठ गुजराती, त्यांची बायको वर्षाबेन वापीकडची. दोघं आपसांत गुजराती बोलत, गड्यामाणसांशी मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. जयवंती तलासरी तालुक्यातल्या पाड्यावरून रोज सकाळी शेअर रिक्षाने यायची आणि चारच्या सुमाराला परत जायची. भांडी, लादी, कपडे, वर वर्षाबेनच्या गुडघ्यांना तेल. कोणाचे कपडे कुठल्या कपाटात आहेत हे त्या घरात वर्षाबेनपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

घराला आधी पाणी होतं ते वाडीतल्या विहिरीचं. गोड, हलकं पाणी. साबण नुसता दाखवला की फेस. दोन वर्षांपूर्वी शेठनी घरामागे बोअर मारली. खोल गेली, पण पाणी भरपूर लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्या दिवसापासून घराची टाकी बोअरवर गेली आणि विहीर सगळीच्या सगळी बागेला. असं का, ते कोणी विचारलं नाही. शेठची विहीर, शेठची बोअर, विचारणार कोण? पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ होतं, तेवढं बघून वर्षाबेन खूश झाल्या.

मग घरात एकेक भूत उठायला लागलं. शॉवरची भोकं बुजली. नळांच्या तोंडाला पांढऱ्या दाढ्या फुटल्या. काचेचे ग्लास कितीही घासा, वाळले की डागच डाग. टॉवेल पापडासारखे कडक झाले. गीझर आतल्या आत असा गुरगुरायचा की कोणी त्यात खडे उकळायला घातलेत. आणि या सगळ्याचं बिल फाटलं कोणाच्या नावावर? जयवंतीच्या. शॉवर बुजला, तर जयवंती घासत नाही. ग्लासवर डाग, तर जयवंती घाईत धुते. कपडे मळकट निघाले, तर जयवंती पावडर कमी टाकते; जास्त टाकली, तर पावडर उडवते. गीझरची टाकी गळायला लागली तेव्हा वर्षाबेन म्हणाल्या, "तू बटन चालू ठेवून वाडीत फिरते ने, म्हणून!" गीझरच्या बटनाला जयवंतीने कधी हात लावला नव्हता. ते बटन बेनच्या बेडरूममध्ये होतं.

मशीनचं दुखणं निघालं की डहाणू रोडवरून सुनिल मेकॅनिक यायचा. मशीनच्या पोटात पाणी तापवणारी एक कॉइल असते, इंग्रजी यू सारखी वाकवलेली. ती जळाली की घरातला मेन स्विच पडायचा. सुनिल नवी कॉइल बसवायचा, जुनी कचऱ्यात फेकायचा आणि जाताना न चुकता म्हणायचा, "बेन, वापरणाऱ्याला समज पाहिजे. लोड जास्त होतोय." दोन वर्षांत दोन कॉइल गेल्या, आणि दोन्ही वेळा समज कमी पडली ती जयवंतीची. तिने एकदा धीर करून विचारलं होतं, "दादा, कॉइलवर हा पांढरा थर कसला?" तिच्याकडे न बघताच सुनिल म्हणाला, "मावशी, ते टेक्निकल असतं." टेक्निकल म्हणजे काय ते तिला कळलं नाही, गप्प बस म्हणतोय एवढं कळलं.

खरं म्हणजे तो थर तिच्या रोजच्या ओळखीचा होता. पाड्यावरच्या हातपंपाचं पाणीही असंच जड. पाणी तापवायच्या हंड्याला वर्षभरात आतून चांगलं जाड पांढरं कवच धरायचं. तिची सासू रूपी दर शिमग्याच्या आधी त्या हंड्यात आंबलेली ताडी ओतून ठेवायची. ताडी ताजी असते तोवर पिणाऱ्यांची. चार दिवसांनी तिला कोणी हुंगत नाही, आणि महिनाभर ठेवली तर ती इतकी आंबट होते की नाकाला झोंबते. पण त्या आंबटाने हंड्याचं कवच फसफसून सुटतं. दुसऱ्या सकाळी हंडा उपडा केला की आतून नव्यासारखा. रूपी म्हातारी गेली, पण शिमग्याला हंडा धुवायची ही रीत जयवंतीने सोडली नाही.

त्यामुळे वर्षाबेनच्या चहाच्या इलेक्ट्रिक किटलीला कवच धरलं तेव्हा जयवंतीने घरून बाटलीभर आंबट ताडी आणली, किटलीत ओतली आणि तासाभराने धुऊन काढली. किटली अशी चकचकली की वर्षाबेननी तोंड बघून घेतलं तिच्यात. "काय लावलं तू?" त्यांनी विचारलं. जयवंती म्हणाली, "आंबट." बेनना वाटलं चिंच, आणि जयवंतीने त्यांना तसं वाटू दिलं.

इथे तिची चूक झाली. पण ती चूक का झाली तेही बघा. पाड्यावरची बाई शेठच्या घरात ताडीची बाटली घेऊन शिरली म्हटल्यावर ती कशासाठी आणलीस, असं कोण विचारणार होतं? बाटली दिसली की सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. म्हणून तिने लपवली.

आता तिसरी कॉइल जळाली तर आपलं काही खरं नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. मग तिने किटलीचा उपाय मशीनला करायचं ठरवलं. सासऱ्याच्या, काकड्याच्या ओळीतला एक जुना पाच लिटरचा कॅन उचलला, टॉवेलात गुंडाळला, पिशवीत खाली घालून वर दुधी आणि वांगी ठेवली, आणि घोलवडला आल्यावर कॅन मशीनच्या मागे भिंतीला लावून ठेवला. दोन गुरुवार, वर्षाबेन वापीला माहेरी गेल्या असताना, तिने रिकाम्या मशीनमध्ये ताडी ओतून गरम पाण्यावर फिरवली. पहिल्या वेळी नळीतून पांढऱ्या कपच्या मूठभर बाहेर पडल्या. तिला बरं वाटलं. पण कॉइलचं आधीच व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या सोमवारी वर्षाबेननी चादरी टाकल्या, गरम पाण्याचं बटन दाबलं आणि घरातला मेन पडला.

मंगळवारी सकाळी सुनिल आला. चिकूच्या मोसमाचे दिवस. ओट्याच्या एका बाजूला बारक्या आणि बुधी चिकू निवडत बसली होती. बारक्या वाडीतली मोटर चालवायचा, बुधी त्याची बायको. दोघं वाडीतल्याच एका खोलीत राहायची. शेठ झोपाळ्यावर पेपर वाचत होते. सुनिलने मशीन ओढून ओट्यावर आणलं, जळालेली कॉइल काढून फाटकाजवळच्या कचऱ्यात फेकली, आणि वळला तसा मशीनच्या जागी भिंतीला लावलेला कॅन त्याला दिसला. त्याने झाकण उघडलं, हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग मशीनचं दार उघडून आतल्या रबराला नाक लावलं.

"बेन, इकडे या," तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. "मशीन टाइट आहे तुमचं. ताडी प्यायलंय."

वर्षाबेन बाहेर आल्या. त्यांनी कॅन बघितला, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "शुं छे आ? जयवंती! हे काय आहे? बोल ने!"

"बेन, मशीन धुवायला आणली होती," जयवंती म्हणाली. "आतला थर सुटतो त्याने. आपली किटली पण मी..."

"ताडीने मशीन धुतात?" सुनिल म्हणाला. "मावशी, काय पण सांगता. बेन, ह्यानेच कॉइल गेली बघा."

"माझी चहाची किटली!" वर्षाबेननी कपाळाला हात लावला. "तू माझ्या किटलीत ताडी घातली? आणि इथे लपवून ठेवते, मी वापीला जाते तेव्हा पीते, आणि वर म्हणते मशीन धुवायला?"

"मी पीत नाय, बेन. तुम्हाला ठाऊक हाय."

"मला काय ठाऊक! तुमच्यात सगळेच पितात."

हे वाक्य ओट्यावर पडलं. बारक्याचा हात चिकूवर थांबला. बुधीने मान खाली घातली. जयवंतीने शेठकडे पाहिलं. म्हटलं, अकरा वर्षांत आपला तोल गेलेला ज्या माणसाने एकदाही पाहिला नाही, तो एवढं तरी म्हणेल, की वर्षा, असं नको बोलू. शेठनी पेपराचं पान उलटलं.

वर्षाबेननी हात पुढे केला. "चावी दे."

पदराची गाठ सुटता सुटेना. अकरा वर्षांची गाठ ती. शेवटी जयवंतीने दातांनी सोडवली, चावी बेनच्या हातावर ठेवली आणि पायऱ्या उतरली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि डोळ्यांतून पाणी मात्र येत नव्हतं. फाटकाजवळच्या कचऱ्यात सुनिलने नुकतीच काढून फेकलेली कॉइल पडली होती, जाड पांढऱ्या खरबरीत थराने माखलेली. ती तिने उचलली आणि पिशवीत टाकली. का उचलली ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

घरी काकड्या पडवीत कोयता परजत बसला होता. सून भर दुपारी घरी आलेली बघून त्याने विचारलं, आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. म्हातारा आधी हसला. "तू ताडी प्यालीस? आन् मना सोडून?" मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो कोयता घेऊन उठला. "चल. मी येतो. त्या शेठला इचारतो."

"बसा, बाबा," जयवंती म्हणाली. "कोयता घेऊन गेलात तर त्यांचंच खरं होल. म्हणतील, सून पिते नि सासरा कापतो."

म्हातारा बसला, पण कोयता त्याने बराच वेळ मांडीवरून खाली ठेवला नाही.

जयवंतीने पातेलं घेतलं, त्यात आंबट ताडी ओतली आणि कॉइल अशी उभी केली की अर्धी ताडीत बुडेल, अर्धी वर राहील. बुडताक्षणी थराला बारीक बुडबुडे फुटले. सोड्याच्या बाटलीसारखी नुसती फसफस चालली. ती समोर बसून ते बघत राहिली, आणि बुडबुड्यांबरोबर तिला एकेक गोष्ट आठवायला लागली. ग्लासांचे डाग. टॉवेल. "वापरणाऱ्याला समज पाहिजे." आणि मग एक वेगळीच गोष्ट आठवली. मागच्या उन्हाळ्यात विहिरीची मोटर जळाली होती तेव्हा बारक्या म्हणाला होता, दोन दिवस बागेला बोअरचं पाणी सोडू या, आणि शेठ झोपाळ्यावरून ओरडले होते, "खबरदार! एक थेंब सोडायचा नाही!" तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आता वाटलं.

सकाळी कॉइल बाहेर काढली तेव्हा तिची वरची बाजू चुना फासलेल्या फांदीसारखी होती, आणि खालची बाजू फडक्याने पुसताच लखलखीत पोलाद. मध्ये सरळ रेघ. काकड्याने ती हातात धरून उलटीसुलटी केली, मग स्वतःच ओळीतला सगळ्यात जुना कॅन उचलून तिच्यापुढे ठेवला. "टॉवेल नको गुंडाळू," तो म्हणाला.

रिक्षात लोकांनी कॅनकडे बघितलं. एकाने विचारलं, "ताजी का, वहिनी?" जयवंती म्हणाली, "पिऊन बघ, दात आंबतील." रिक्षा हसली, पण ती हसली नाही.

ओट्यावर कालचीच माणसं होती. नवी कॉइल घेऊन सुनिल मशीनपाशी उकिडवा बसला होता, बारक्या आणि बुधी चिकूत, शेठ झोपाळ्यावर. जयवंती पायऱ्यांपाशी थांबली, कॅन सगळ्यांना दिसेल असा खाली ठेवला आणि हाक मारली, "बेन!"

वर्षाबेन दारात आल्या. कॅन बघून त्यांचा आवाज चढला. "परत आणली? शरम नाही?"

"नाय," जयवंती म्हणाली. "काल होती, म्हणून लपवली. आज नाय." तिने पिशवीतून कॉइल काढली आणि सुनिलपुढे धरली. "दादा, ही काल तू काढलीस. अर्धी मी रातभर ताडीत ठेवली, अर्धी नाय. आता सांग, ताडीने कॉइल जळते का साफ होते?"

सुनिलने कॉइल घेतली. त्याने चमकणाऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या बाजूवरून.

"आन् हा पांढरा थर कसला? टेक्निकल नको सांगू. मराठीत सांग."

"पाण्याचा," सुनिल म्हणाला. "पाण्यातला खार. पाणी तापलं की बसतो. त्याच्याखाली कॉइल गरम होऊन जळते."

"मग लोड?"

"लोडचं... तसं काही नसतं."

"दोन वर्षं तू मला समज नाय म्हणालास!"

सुनिल उठून उभा राहिला. तो काही वाईट माणूस नव्हता. फक्त सोयीचा होता, आणि आता सोय बदलली होती. "मावशी, माझ्यावर नका ओरडू," तो म्हणाला. "मी पहिल्या कॉइललाच शेठना बोललो होतो. बोअरचं पाणी फार जड आहे, टाकी विहिरीवर घ्या, नाहीतर मशीन, गीझर काहीच टिकणार नाही. शेठ बोलले, तू कॉइल बदल. मी बदलली. आमच्याकडे थर काढायची पावडर पण येते. तिनेही हेच होतं, जे तुम्ही ताडीने केलं."

"मग पावडर का नाय दिलीस?"

"मागितली नाही कोणी."

झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज बंद झाला होता. वर्षाबेन नवऱ्याकडे वळल्या. "तमने खबर हती? तुम्हाला माहीत होतं?"

शेठनी पेपराची घडी घातली. "अरे, तो मेकॅनिक. त्याचं काय ऐकायचं."

"मेकॅनिकचं नका ऐकू," जयवंती म्हणाली. "बारक्या, तू सांग. बोअरचं पाणी बागेला का नाय सोडत?"

बारक्याने एकदा शेठकडे, एकदा बुधीकडे बघितलं. तो साधा माणूस. विचारलं ते सांगायचं, एवढंच त्याला येत होतं. "शेठनी पाणी तपासून आणलेलं ना, बोअर मारली तेव्हाच. बाटलीत भरून मीच दिलेलं. चिकूला नाय चालत बोलले. पानं करपतात. म्हणून विहीर बागेला नि बोअर घराला."

म्हणजे झाडाला काय सोसत नाही हे दोन वर्षं माहीत होतं. कागदावर लिहून आलेलं होतं. कॉइल जळत होत्या, गीझर फुटत होता, आणि रोज एका बाईला त्याच्यासाठी बोलणी बसत होती, तेव्हा हा गृहस्थ झोपाळ्यावर बसून ऐकत होता. काल तिच्या पदराची गाठ सोडवली गेली तेव्हाही त्याला माहीत होतं.

"यात एवढं काय आहे?" शेठ म्हणाले. त्यांचा आवाज समजुतीचा होता, आणि तोच जास्त लागला. "जयवंती, तू शेतीवाल्याच्या घरची आहेस, तुला कळेल. मशीन जळली तर नवीन घेता येते. झाड गेलं तर तीस वर्षांनी परत उभं राहतं."

"बरोबर हाय, शेठ," जयवंती म्हणाली. "मशीन नवी मिळते. काल मना बेवडी म्हटलं, आमच्यात सगळेच पितात म्हटलं, ते नाव मी कुठल्या दुकानातून नवं आणू?"

आणि मग, काल मान खाली घालून बसलेली बुधी, चिकूची टोपली बाजूला सारून बोलली. इतक्या हळू बोलली की सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. "आमच्या खोलीच्या नळाला पण तेच पाणी हाय. डाळ शिजत नाय. ह्यांना वाटतं मला रांधता येत नाय."

बारक्याने बायकोकडे असं बघितलं जणू तो तिला आजच भेटत होता.

"घराची टाकी विहिरीवरून भरायला किती वेळ लागेल?" वर्षाबेननी बारक्याला विचारलं.

"तुमची नि आमची मिळून? रोज पाऊण तास."

"पाऊण तास," वर्षाबेन म्हणाल्या. "दिवसातून पाऊण तास मोटर." त्या नवऱ्याला गुजरातीत बरंच काही बोलल्या, भरभर, हात उडवत. त्यातला किटलीचा आणि गीझरचा उल्लेख तेवढा सगळ्यांना कळला. शेठ म्हणाले, "जवा दे ने, हवे." बेन म्हणाल्या की नाही जाऊ देत.

मग त्या आत गेल्या, चावी घेऊन आल्या, पायऱ्या उतरून जयवंतीजवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "घे. झालं ते झालं. मला काय माहीत होतं? चल, कामाला लाग."

जयवंतीने हात पुढे केला नाही.

"काल मोठ्याने बोललात, बेन," ती म्हणाली. "आज हळू का?"

वर्षाबेनच्या चेहऱ्यावर राग आला, आणि गेला. गड्यामाणसांपुढे चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्या आईला नव्हती, सासूला नव्हती. या ओट्यावर आजवर कोणी शेठाणी असं काही बोलली नव्हती. त्यांनी एकदा बारक्या-बुधीकडे बघितलं, एकदा सुनिलकडे. मग वळून ओट्याकडे तोंड केलं.

"जयवंती पीत नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तिने मशीन बिघडवली नाही, ती साफ करत होती. मी खोटं बोलली. आणि ते जे मी बोलली, सगळ्यांचं, ते पण खोटं."

शेठ झोपाळ्यावरून उठले. "मला स्टेशनवर जायचं आहे," ते म्हणाले. "माल चढवायचा आहे."

"बसा, शेठ," जयवंती म्हणाली.

अकरा वर्षांत तिने शेठला चहा घ्या म्हटलं होतं, फोन आलाय म्हटलं होतं. बसा कधी म्हटलं नव्हतं. शेठ उभेच राहिले. मग का कोण जाणे, बसले. झोपाळ्याची कडी एकदा करकरली.

"काल तुम्ही इथंच होतात. मी तुमच्याकडे बघितलं होतं."

शेठ जमिनीकडे बघत राहिले. सुनिलने पाना खाली ठेवला. बुधीने या वेळी मान खाली घातली नाही, ती सरळ शेठकडे बघत होती. शेवटी शेठच्या तोंडून शब्द निघाले, आणि तेही असे की कोणीतरी ओढून काढतंय.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

जयवंतीने त्याहून जास्त मागितलं नाही. तिने वर्षाबेनच्या हातातून चावी घेतली आणि पदराला बांधली, दोन गाठी मारून. "बारक्या, मोटर लाव," ती म्हणाली. "आन् दादा, तू थांब जरा. आधी मी मशीन आतून धुते, मग तू कॉइल बसव. नायतर चौथी पण जळंल, नि मग कोणाचं नाव घेशील?"

सुनिल बाजूला सरकला.

चावी मागच्या दाराची होती, आणि रोज ती घराला वळसा घालून त्याच दाराने आत जायची. आज तिने ताडीचा कॅन उचलून कमरेवर घेतला, ओट्याच्या पायऱ्या चढली, आणि झोपाळ्यावरून पाय मागे घेणाऱ्या शेठच्या पुढून, पुढच्या दाराने सरळ आत गेली.